माईकची केबल घरी बनवा: पहिली पाच मीटरची, मग बाकीच्या

माईकची केबल मधेच कुठेतरी तुटली असं क्वचितच होतं. ती जाते टोकाला, कनेक्टरमधून वायर बाहेर पडते तिथल्या पहिल्या चार-पाच सेंटीमीटरांत. भजनी मंडळाच्या पेटीत किंवा नाटकाच्या ग्रुपच्या ट्रंकेत 'बाद' म्हणून पडलेली केबल उघडून बघा. वायर धडधाकट असते. आत एखादी तार पिनेमागच्या सोल्डरच्या वाटीतून निघालेली असते, किंवा पकड सैल झाल्यामुळे सगळा ताण सोल्डरवर आलेला असतो. म्हणून केबल बनवणं हे आधी बांधणीचं काम आहे, मग विजेचं. विजेचा भाग म्हणजे तीन तारा तीन पिनांना जोडणं, तो मिनिटात पाठ होतो. टोक असं बांधायचं की कोणी पाय अडकवून ओढलं तरी सोल्डरला कळू नये. खरी मेहनत तिथे लागते.

पहिल्यांदा करताना पाच मीटरची एक्सएलआर ते एक्सएलआर केबल घ्या. एक्सएलआर म्हणजे माईकचा तीन पिनांचा गोल कनेक्टर; एका टोकाला मेल (पिना असलेला) आणि दुसऱ्याला फिमेल (भोकं असलेला). बाजारात हिला अजून 'कॅनन' म्हणतात. हा कनेक्टर मुळात अमेरिकेतल्या कॅनन कंपनीने आणला, तिचं नाव आपल्याकडे पिनेला चिकटलं ते कायमचं. गिटारचा जॅक दिसायला सोपा असला तरी त्याच्या मोठ्या धातूच्या पट्टीला सोल्डर लावणं नवशिक्याला जड जातं. एक्सएलआरच्या वाट्या छोट्या असतात, पटकन तापतात, आणि हात बसायला तेवढं पुरतं.

वायर निवडताना

लागणारी वायर म्हणजे 'टू कोअर शिल्डेड' माईक केबल. आत दोन रंगांच्या तारा, त्यांच्याभोवती तांब्याची जाळी आणि वर रबरासारखं मऊ जॅकेट. बाहेरची जाडी ६ ते ६.५ मिलिमीटर असावी. चांगल्या एक्सएलआर कनेक्टरची पकड साधारण साडेतीन ते आठ मिलिमीटर जाडीच्या वायरीसाठी असते. चार मिलिमीटरची बारीक वायर घेतली तर पकड बसते खरी, पण काठावर बसते.

जाळी तीन तऱ्हेची मिळते. विणलेली जाळी सगळ्यात टिकाऊ, पण सोडवायला वेळ खाते. एका दिशेने गुंडाळलेली जाळी एका झटक्यात उलगडते, म्हणून पहिल्या केबलसाठी तीच घ्या. तिसरी म्हणजे चंदेरी फॉइल आणि सोबत एक उघडी तार. ती भिंतीतून किंवा पाइपातून कायमची टाकायच्या वायरीसाठी ठीक आहे. रोज गुंडाळायच्या केबलमध्ये फॉइल सुरकुततं, चिरतं, आणि काही महिन्यांनी खरखर सुरू होते.

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेत वायर मीटरवर मिळते. विकत घेण्याआधी रोलच्या टोकाची दोन इंच सोलून बघायला मागा. जाळीतून आतल्या तारांचा रंग सहज दिसत असेल तर जाळी विरळ आहे. मग ब्लेडने एक बारीक तार खरवडा. वरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. त्यावर सोल्डर नीट धरत नाही आणि चार वेळा वाकवलं की तार तुटते. तार मुळातच चंदेरी असेल तर घाबरू नका, तांब्यावर कथिल चढवलेलं असतं आणि ते सोल्डरला उलट सोपं जातं. लोहचुंबक मात्र लावून बघा. चिकटली तर ती वायर दुकानातच राहू द्या.

काळजी घ्यायची आणखी एक गोष्ट म्हणजे कोकणातली आणि मुंबईची हवा. पावसाळा काढलेल्या रोलच्या उघड्या टोकाशी तांबं काळं पडतं, कधी हिरवटही होतं. अशा तारेवर सोल्डर पाण्यासारखं घरंगळतं. दहा-पंधरा सेंटीमीटर कापून टाका, आत चकचकीत तांबं लागेपर्यंत. आणि उरलेल्या रोलच्या टोकाला टेप गुंडाळून ठेवा.

'स्टार क्वाड' नावाची चार तारांची वायरही दिसेल. कॅनेअर कंपनीच्या एल-४ई६एस मध्ये दोन निळ्या आणि दोन पांढऱ्या तारा असतात. एकाच रंगाच्या दोन्ही तारा एकत्र पिळून एका पिनेला लावायच्या. दिव्यांचे डिमर आणि मेनच्या केबली शेजारून जात असतील तिथे ती घूंऽऽ आवाज खरोखर कमी करते. घरात रेकॉर्डिंगला साधी दोन तारांची पुरते, आणि प्रत्येक वाटीत दोन-दोन तारा कोंबण्याची कटकट पहिल्याच खेपेला नको.

बाकीचं सामान

कनेक्टर मात्र चांगले घ्या. काटकसर करायची तर लांबीत करा. न्यूट्रिकचा एनसी३एमएक्सएक्स मेल आणि एनसी३एफएक्सएक्स फिमेल ही कित्येक वर्षांची ठरलेली जोडी आहे, आणि तिच्या नकलाही बाजारात भरपूर आहेत. नकल ओळखायची ती आतल्या प्लास्टिकवरून. एक पीन गरम केली आणि ती वाकडी झाली, तर माल खोटा. त्याच कंपनीचे रीन नावाचे कनेक्टर स्वस्त आहेत आणि घरच्या कामाला पुरतात.

सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं चालेल. तापमान ठरवता येणारं असेल तर ३५० अंशांवर ठेवा. बिट, म्हणजे आयर्नचं तापणारं टोक, सुईसारखं टोकदार नको, दोन ते तीन मिलिमीटर रुंद चपटं हवं. उष्णता टेकलेल्या जागेतून जाते आणि सुईचं टोक टेकतंच कितीसं. सोल्डर वायर ६०/४० ची (साठ भाग कथिल, चाळीस भाग शिसं), आत फ्लक्स म्हणजे धातूवरचा मळ काढणारी राळ असलेली, २२ गेजची. पन्नास ग्रॅमचं रीळ डझनावारी केबलींना पुरतं. शिसंमुक्त सोल्डर वितळायला तीसेक अंश जास्त लागतात आणि सांधा मुळातच मंद दिसतो, त्यामुळे चांगला-वाईट ओळखायला शिकताना गोंधळ होतो. शिशाचं वापरत असाल तर काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे, मधे चहा-बिस्किटं नाहीत. पंखा धूर बाजूला नेईल असा ठेवा. तोंडावर येईल असा किंवा गरम सांध्यावर येईल असा नको.

याशिवाय धारदार कटर, वायर स्ट्रिपर, कंटिन्युइटीला (दोन टोकं जोडलेली असली की) बीप देणारा मल्टिमीटर, दोन मिलिमीटरची हीट श्रिंक नळी (तापवली की आक्रसून घट्ट बसते ती) आणि पकडायला काहीतरी. पकडण्यासाठी लाकडाच्या ठोकळ्याला सात मिलिमीटरचं भोक पाडून तो मधोमध चिरला आणि शिकंजात धरला की झालं. तेवढ्यासाठी महागडं स्टँड घ्यायची गरज नाही.

आधी बुशिंग

पाच मीटर दहा सेंटीमीटर वायर कापा. कनेक्टर उघडला की चार भाग सुटतात: धातूचं कवच, पिनांचा गाभा, प्लास्टिकची पकड, आणि मागचं रबरी शेपटीचं बुशिंग.

बुशिंग आत्ताच वायरीवर ओवा. दोन्ही टोकांना. त्याचं तोंड कनेक्टरकडे आहे ना, तेही बघून घ्या. तिन्ही सांधे सुरेख जमल्यावर बुशिंग टेबलावरच राहिलेलं दिसणं ही या कामातली सगळ्यात नेहमीची चूक आहे, आणि तिला सगळं सोडवून परत करण्याशिवाय इलाज नाही. रंगीत हीट श्रिंकची खूणही लावायची असेल तर तीही आत्ताच ओवायची.

सोलणं

टोकापासून २० मिलिमीटरवर जॅकेट काढायचं आहे. ब्लेड दाबून गोल फिरवलं तर जाळीच्या निम्म्या तारा कापल्या जातात. त्यापेक्षा ब्लेडने जॅकेटवर हलकी रेघ मारा, जाडीच्या दोन तृतीयांशाइतकीच. मग त्या रेघेवर वायर अंगठ्याने वाकवा. रेघ आपोआप फाकते, आतली जाळी दिसते. वायर थोडी फिरवून परत वाकवा. चार बाजूंनी केलं की जॅकेटचा तुकडा हाताने ओढून निघतो आणि जाळीला धक्काही लागत नाही.

गुंडाळलेली जाळी उलट दिशेने उलगडा आणि सगळ्या तारा एकत्र करून घट्ट पीळ द्या. विणलेली असेल तर दाभणाने टोकापासून थोडी थोडी विंचरत मोकळी करा. एकही केस बाहेर राहता कामा नये. असा एकच सुटा केस शेजारच्या वाटीला टेकतो आणि केबल हलवली की मधूनच आवाज जातो. हा दोष शोधायला नंतर अर्धा तास जातो, आणि इथे चिमटीने पिळायला दहा सेकंद लागतात.

आत कापसाचा दोरा किंवा कागद असेल तर मुळाशी कापा. दोन्ही रंगीत तारांचं आवरण टोकाकडून चार-पाच मिलिमीटर काढा. पिळलेल्या जाळीवर हीट श्रिंकची बारा-तेरा मिलिमीटरची नळी चढवा, टोक तेवढं उघडं ठेवा. जाळीची तार इतर दोघींपेक्षा दोन-तीन मिलिमीटर लांब असू द्या, म्हणजे कधी ओढ बसलीच तर जाळी सगळ्यात शेवटी तुटेल.

कल्हई

तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई करताना कथिल कसं पसरतं ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना पुढचं लगेच कळेल. तारेच्या टोकाला खालून बिट टेकवा, सोल्डर वरून तारेला लावा, बिटाला नाही. तार पुरेशी तापली की सोल्डर आपणहून तारांच्या फटींत शिरतं आणि टोक चंदेरी होतं. तारांचा पीळ अजून दिसला पाहिजे. दिसत नसेल आणि गोळा झाला असेल तर सोल्डर जास्त झालं, ते वाटीत शिरणार नाही.

कल्हईवाला नवसागर वापरतो, तो तांब्यावरचा मळ खातो. आपल्याला तो चालत नाही. नवसागर किंवा ॲसिडचा फ्लक्स सांध्यात मागे राहतो आणि पुढे तारच खात बसतो. सोल्डर वायरीच्या पोटात राळेचा फ्लक्स असतो तेवढा पुरे. प्लंबिंगची पेस्ट तर नकोच.

आता वाट्या. पिनांच्या मागच्या बाजूला अर्धगोल वाट्या असतात. गाभा शिकंजात धरण्याआधी त्याच्यात उलट जातीचा कनेक्टर खोचा: मेल सोल्डर करताना फिमेल, फिमेल करताना मेल. प्लास्टिक तापून मऊ झालं तरी पिना जागच्या सरळ राहतात, वर थोडी उष्णताही खेचली जाते. प्रत्येक वाटीला बाहेरून बिट टेकवा आणि आत अर्धी वाटी सोल्डर भरा.

जोडणी

पीन १ ला जाळी. पीन २ ला हॉट म्हणजे सरळ सिग्नलची तार, पीन ३ ला कोल्ड म्हणजे त्याच्याच उलट्या सिग्नलची. लाल-निळी असेल तर लाल हॉट धरा, पांढरी-निळी असेल तर पांढरी. कुठला रंग धरला याला महत्त्व नाही, दोन्ही टोकांना तोच असण्याला आहे. पूर्वी काही कंपन्या पीन ३ हॉट ठेवत. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने १९९२ च्या मानकात पीन २ पक्की केली, त्यामुळे फार जुना मिक्सर असेल तरच त्याचं माहितीपत्रक बघायची वेळ येते.

वाट्यांच्या शेजारी प्लास्टिकवर बारीक आकडे असतात. उजेडात धरून ते वाचा. चित्र पाठ करून जाऊ नका, कारण मागून पाहताना मेल आणि फिमेल आरशासारखे उलटे दिसतात. आकडे न वाचता दुसरं टोक पहिल्यासारखंच केलं, तर तारांची अदलाबदल होते.

वाटीला बिट टेकवा. आतलं सोल्डर चमकून पाणी झालं की कल्हई केलेली तार वरून आत सोडा, बिट काढा आणि हात हलवू नका. तीन सेकंद. सोल्डर आधी आरशासारखं चमकत असतं, मग एका क्षणी त्याच्यावरून झाक सरकते, तेव्हा ते घट्ट झालं. त्या क्षणाच्या आधी तार हलली तर सांधा दाणेदार, राखाडी होतो. त्याला कच्चा सांधा म्हणतात. मल्टिमीटर त्यालाही बीप देतो आणि पहिल्या दोन कार्यक्रमांत तो चालतोही. शंका आली तर परत तापवा, फ्लक्स नव्याने मिळावा म्हणून सोल्डरचा एखादा थेंब द्या.

बिट एका वाटीवर तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त टेकलं तर तारेचं आवरण आक्रसून मागे सरकतं आणि उघडी तार लांब दिसू लागते. एक मिलिमीटर उघडी चालते. तीन झाली तर कापून परत करा.

कनेक्टरच्या कवचाला जोडलेली चौथी पट्टीही असते. माईकच्या केबलमध्ये ती मोकळी सोडा. ती पीन १ शी जोडली, आणि स्टेजवर दोन केबलींचे जोड एकमेकांवर किंवा लोखंडी ट्रसवर पडले, तर जमिनीकडे जाणारा दुसराच रस्ता तयार होतो आणि घूं आवाज घुसू शकतो.

पकड

मघाशी ज्याला खरी मेहनत म्हटलं ती जागा ही. प्लास्टिकची पकड तारांवर नाही, जॅकेटवर बसली पाहिजे. जॅकेटची कड पकडीच्या दातांच्या किमान दोन मिलिमीटर पुढे आलेली हवी. आतल्या तीन तारांना किंचित झोल असू द्या, ताठ नकोत. गाभ्यावरची खूण कवचाच्या खाचेत बसवून गाभा आणि पकड आत ढकला, बुशिंग पुढे आणून घट्ट फिरवा. घट्ट म्हणजे हाताने जेवढं जाईल तेवढं. पक्कड लावली तर प्लास्टिकचे आटे जातात.

आता कनेक्टर एका हातात आणि वायर दुसऱ्या हातात धरून ओढा, वजनाची पिशवी उचलताना ओढतो तेवढ्या जोराने. वायर जराशी जरी सरकली तरी उघडा. बहुतेक वेळा जॅकेट जास्त कापलं गेलेलं असतं. जॅकेटवर हीट श्रिंकचा एक थर चढवून जाडी वाढवणं हा तात्पुरता उपाय, टोक कापून २० मिलिमीटर मोजून परत करणं हा खरा.

दुसरं टोक तसंच. दिशा विसरत असाल तर एवढं ध्यानात ठेवा: पिना ज्या दिशेला टोचतात त्या दिशेला आवाज जातो. म्हणून माईककडे फिमेल, मिक्सरकडे मेल.

तपासणी

मल्टिमीटर बीपवर ठेवा. दोन्ही टोकांची १ ते १, २ ते २, ३ ते ३ अशी बीप यायला हवी. मग एकाच टोकाला १-२, १-३, २-३ आणि कवच-१ तपासा, तिथे शांतता हवी. कवच-१ ही जोडी दोन्ही टोकांना बघा, कारण दोन कवचं एकमेकांना जोडलेली नसतात. ही तपासणी करताना दुसऱ्या माणसाला केबलची दोन्ही शेपटं चारी दिशांना वाकवायला सांगा. सांगायचं कारण हे की अर्धवट दोष सरळ ठेवलेल्या केबलमध्ये गप्प बसतात.

मग साध्या डायनॅमिक माईकवर ऐका. मिक्सरची फँटम पॉवर, म्हणजे कंडेन्सर माईकला केबलमधूनच मिळणारी वीज, बंद ठेवा. फँटमचे ४८ व्होल्ट पीन २ आणि ३ वर सारखेच येतात म्हणून डायनॅमिक माईकला ते जाणवतही नाहीत, पण १ आणि २ शॉर्ट झालेल्या केबलमध्ये हा समतोल मोडतो आणि रिबन माईक असेल तर त्याच्या आतली धातूची नाजूक पट्टी जाऊ शकते. नव्या केबलवर रिबन माईक कधीच आधी लावू नका.

आवाजावरूनही दोष ओळखता येतो. जाळी सुटली असेल तर घूं येतो आणि कंडेन्सर माईक मुकाच राहतो, कारण फँटमचा परतीचा रस्ता पीन १ मधून असतो. पीन २ किंवा ३ सुटली तर आवाज बारीक आणि पातळ, खालचे स्वर गेलेले. २ आणि ३ ची अदलाबदल एका माईकवर मुळीच कळत नाही. ती कळते तबल्याला दोन माईक लावल्यावर: दोन्ही वर केले की डग्ग्याचा घुमार नाहीसा होतो, एक खाली केला की परत येतो. अशा वेळी माईक हलवत बसण्याआधी केबल मीटरवर तपासा.

जुनी मेलेली केबल हातात आली तर ती फेकू नका. दोन्ही टोकं पंधरा-पंधरा सेंटीमीटर कापा, जुने कनेक्टर सोल्डर तापवून मोकळे करा, आणि वरचीच कृती करा. नवी वायर घेण्याआधी हाताला वळण लावायला याच्याइतकं चांगलं साधन नाही.

गिटारची केबल

इथे वायर वेगळी: मधे एकच तार, तिच्याभोवती जाड आवरण, त्यावर बहुतेक चांगल्या वायरींमध्ये काळ्या प्लास्टिकचा एक पातळ थर, मग जाळी. तो काळा थर वीज थोडी वाहून नेतो. वायर पायाखाली आली की होणारी खडखड त्याच्यामुळे कमी होते. पण तो पूर्ण सोलला नाही आणि मधल्या तारेच्या सोल्डरला टेकला, तर सिग्नल त्याच्यातून जाळीकडे गळतो. आवाज बसका येतो आणि बीपवर काहीच सापडत नाही. म्हणून मधल्या तारेभोवतीचा काळा थर दहा मिलिमीटर मागेपर्यंत काढा, आणि मीटर बीपऐवजी सगळ्यात मोठ्या ओहम रेंजवर ठेवून जॅकचं टोक आणि दांडा यांच्यात मोजा. आकडा यायलाच नको. दुकानात हा ६.३५ मिलिमीटरचा जॅक 'पी-३८' म्हणून मागा, मोनो.

जॅकच्या टोकाची पट्टी छोटी असते, दांड्याची पट्टी मोठी आणि उष्णता खाणारी. तिथे २५ वॅट कमी पडतात, ४० ते ६० वॅटचं आयर्न घ्या. आधी पट्टीवर सोल्डरचा थर द्या, मग जाळी त्याच्यावर टेकवून झटकन चिकटवा. रेंगाळलात तर आतलं आवरण वितळून मधली तार जाळीला भेटते.

गिटारच्या बाबतीत लांबीने आवाज खरोखर बदलतो. वायरीला दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स (वीज साठवण्याची क्षमता) असतो. अडीच हेन्रीचा पिकअप (गिटारच्या तारांखालची कॉइल), त्याचे स्वतःचे १०० पिकोफॅरड आणि पाच मीटर वायर धरली तर पिकअपचा उठाव, म्हणजे तो ज्या स्वरांना सगळ्यात जोरात बोलतो ती जागा, ४१०० हर्ट्झच्या आसपास येतो. दहा मीटर केली की तो ३००० वर उतरतो आणि गिटार मंद वाटू लागते. कीबोर्डला किंवा ज्या गिटारमध्ये बॅटरीचा प्रीअँप आहे तिला हा नियम लागत नाही.

पीए अँप्लिफायर आणि मोबाईल

गावोगावच्या पीए अँप्लिफायरवर, म्हणजे सभा-समारंभात आवाज मोठा करणाऱ्या यंत्रावर, माईकसाठी बहुधा पी-३८ चंच भोक असतं. त्याची केबल टू कोअर वायरीनेच बनवा: फिमेलची पीन २ जॅकच्या टोकाला, पीन १ आणि ३ दांड्याला. १ आणि ३ माईककडे जोडू नका, दोन्ही तारा वेगळ्या आणून जॅकच्या टोकाशी एकत्र करा. लांबी पाच-सहा मीटरपर्यंत ठेवा, त्यापुढे घूं वाढत जातो.

मोबाईल किंवा लॅपटॉप मिक्सरला जोडताना मात्र एक चूक सर्रास होते. साडेतीन मिलिमीटरच्या पिनेची, जिला दुकानदार 'ईपी' म्हणतात, तिची डावी बाजू पीन २ ला आणि उजवी पीन ३ ला जोडून सरळ एक्सएलआर केली जाते. मिक्सर त्या दोघांतला फरक घेतो. दोन्ही बाजूंना सारखं असतं ते नाहीसं होतं, आणि गाण्यात सारखं असतं ते मुख्य गायकाचं. मागची वाद्यं येतात, गाणं येत नाही. बरोबर केबल म्हणजे ईपीचं टोक एका मोनो जॅकला, मधली कडी दुसऱ्याला, दांडा दोघांच्या जाळीला, आणि हे दोन जॅक मिक्सरच्या लाइन इनपुटच्या दोन चॅनेलांत. एकच चॅनेल मोकळा असेल तर दोन्ही बाजूंना प्रत्येकी एक किलो ओहमचा रेझिस्टर लावून मग त्या एकत्र करा. नुसत्या पिळून जोडल्या तर मोबाईलचे दोन अँप्लिफायर एकमेकांशी भांडतात आणि आवाज फाटू शकतो.

स्पीकरची वायर

स्पीकरला जाळीची वायर लावायची नाही. गिटारची केबल भोकात बसते म्हणून स्पीकरला लावली जाते आणि तिची केसाएवढी तार तापते. इथे जाड, मऊ दोन तारांची वायर हवी. दहा मीटर अंतराला जाऊन-येऊन वीस मीटर तांबं होतं. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत त्याचा रोध ०.१४ ओहम, एक चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.३५ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे पहिला आकडा नगण्य आहे, दुसरा चार टक्क्यांच्या वर जातो. चार ओहमला तर दुप्पट.

स्पीकॉन नावाच्या स्पीकरसाठीच्या कनेक्टरमध्ये तार स्क्रूखाली दाबली जाते. तिथे आठेक मिलिमीटर आवरण काढा आणि कल्हई करू नका. सोल्डर मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली काही आठवड्यांत बसतं, पकड सैल होते आणि तिथेच तापतं. नुसता पीळ द्या, स्क्रू आवळा, दुसऱ्या दिवशी परत एकदा आवळा. दोन तारांच्या कनेक्शनला १ अधिक आणि १ उणे वापरा, २ च्या जागा मोकळ्या राहतात.

कोपर आणि पंजाभोवती केबल गुंडाळली की प्रत्येक वळशाला आत एक पीळ साठतो आणि काही महिन्यांत जॅकेट सापासारखं वळू लागतं. एक वळसा सरळ, पुढचा मनगट उलटं फिरवून आतून, असे आळीपाळीने घ्या. एक कनेक्टर हातात धरून बाकीची गुंडाळी फेकली तर केबल गाठ न पडता सरळ पसरते. वेळ मिळेल तेव्हा दोन्ही टोकांना लांबीचा रंग लावा, पाच मीटरला एक, दहाला दुसरा. अंधाऱ्या विंगेत केबल उलगडून न बघता हातात हवी तीच येते.